उद्दीपनाचे आलंबन : 'चीअर'वरील प्रेम सांगणाऱ्या नेकटायची मीमांसा

१

साहित्याभ्यासाला वाहिलेल्या पत्रिकेत नेकटायसारख्या वस्तूची मीमांसा यावी, ही गोष्ट काही वाचकांस प्रथमदर्शनी अस्थानी वाटण्याचा संभव आहे. त्यातही येथे विचारात घ्यावयाचा टाय एखाद्या जुन्या विद्यालयाची मुद्रा मिरवणारा रेशमी टाय नाही. अमेरिकेत 'नॉव्हेल्टी' या सदराखाली विकला जाणारा, गंमत म्हणून भेट दिला जाणारा आणि बहुधा एखाद्या प्रसंगापुरताच बांधला जाणारा हा टाय आहे. बांधणाऱ्याचे 'चीअर'वर प्रेम आहे, एवढेच तो सांगतो. 'चीअर' म्हणजे क्रीडांगणावर आपल्या संघासाठी एकसुराने केलेला जयघोष. आणि त्या जयघोषाभोवती उड्या, मानवी मनोरे व तालबद्ध हालचाली यांची जी कला अमेरिकेत वाढली, ती 'चीअरलीडिंग' होय.

तथापि वस्तू क्षुल्लक असली म्हणून तिच्याविषयीचा प्रश्न क्षुल्लक ठरत नाही. भरताने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार मानले आणि त्यांतील आहार्याला, म्हणजे वेष, भूषणे व रंग यांना, नाट्यशास्त्रात स्वतंत्र अध्याय दिला. अंगावर धारण केलेली वस्तू अर्थ सांगते, हे तत्त्व आपल्या शास्त्राला मुळीच नवे नाही. पाश्चात्त्यांतही रोलाँ बार्त यांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'मिथॉलॉजीज' या ग्रंथात कुस्तीचे खेळ, मुलांची खेळणी, धुण्याची पूड अशा विषयांची मीमांसा केली, आणि त्यानंतर असा अभ्यास कोणी हास्यास्पद मानलेला नाही.

प्रस्तुत लेखाचा प्रश्न मर्यादित आहे. जयघोष ही मुळात आवाजाची आणि समूहाची गोष्ट. ती जेव्हा एका माणसाच्या गळ्यातील मूक वस्त्रावर प्रेमाचा विषय म्हणून लिहिली जाते, तेव्हा तिच्यातील उत्साहाचे नेमके काय होते? या प्रश्नाचे उत्तर शोधताना संस्कृत साहित्यशास्त्रातील दोन संकल्पना विशेष उपयोगी पडतात, असे प्रस्तुत लेखकास वाटते. एक, आलंबन आणि उद्दीपन या विभावांतील भेद. दुसरी, मम्मटाने सांगितलेला स्वशब्दवाच्यतेचा दोष.

२

प्रथम टायचे रूप पाहू. या वर्गातील टाय बहुधा पॉलिएस्टरचा असतो. उष्णतेने रंग कापडात उतरविण्याच्या तंत्रामुळे हल्ली असा एखादाच नगही छापता येतो, म्हणून फारशी मागणी नसलेला विषयदेखील टायवर येऊ शकतो. जमीन एकरंगी व ठसठशीत, तीवर मोठी अक्षरे, आणि क्रियापदाच्या जागी तांबडे हृदय, असा सामान्यतः त्याचा साचा असतो. कधी शेजारी कर्णा किंवा रंगीत झिरमिळ्यांचे गोंडे काढलेले दिसतात.

हे हृदयचिन्ह कोठून आले, याचा इतिहास सुदैवाने स्पष्ट आहे. न्यूयॉर्क राज्याच्या पर्यटनप्रचारासाठी मिल्टन ग्लेझर या चित्रकाराने जे चिन्ह तयार केले, ते १९७७ च्या प्रचारमोहिमेतून सर्वतोमुखी झाले. 'मी', मग हृदय, मग शहराच्या नावाची दोन अक्षरे, अशी त्याची रचना. त्यात चित्राने क्रियापदाचे काम केले, ही त्याची नवलाई. पुढे शहराच्या जागी काहीही घालून तोच साचा जगभर वापरला गेला. येथे भाषेच्या अभ्यासकाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. इंग्रजी वाक्यरचनेत क्रियापद मध्ये येत असल्यामुळे हृदय हे कर्ता आणि कर्म यांच्या मधोमध, दोहोंना जोडणारे असे उभे राहते. मराठीत क्रियापद शेवटी येते. शिवाय आपण 'माझे अमक्यावर प्रेम आहे' असे म्हणतो, तेव्हा प्रेम हे नाम होते आणि क्रियापद उरते ते केवळ 'आहे'. त्यामुळे हा साचा मराठीत सरळ उतरत नाही. त्याचे आकर्षण इंग्रजी वाक्याच्या क्रमात आहे.

चित्ररूप क्रियापदाला काळ नाही, अर्थ नाही, तरतमभाव नाही. ते 'फार आवडते' आणि 'थोडे आवडते' यांत भेद करू शकत नाही. 'एके काळी आवडत असे' हे तर त्याला सांगताच येत नाही. हृदयचिन्ह लावताच सर्व प्रेमे एकाच उंचीची होतात. कुत्र्यावरचे, गावावरचे, चहावरचे आणि जयघोषावरचे प्रेम एका छापाचे होते. ही समानता लक्षात ठेवूनच पुढील विवेचन वाचावे.

३

आता टायकडे वळू. विनोदाने 'कंठलंगोट' म्हणून ज्याची आपण संभावना करतो, त्या वस्त्राचा इतिहास मात्र बराच गंभीर आहे. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये आलेल्या क्रोएशियन सैनिकांच्या गळ्यातील रुमालापासून 'क्रवात' ही वस्तू आणि तो शब्द रूढ झाला. आजच्या लांब टायला स्थिर रूप आले ते १९२० नंतरच्या दशकात, न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फने कापड तिरके कापून तीन तुकड्यांत शिवण्याची पद्धत काढल्यावर. त्यामुळे गाठ सोडल्यानंतर टाय पुन्हा सरळ लोंबू लागला.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या इतिहासातील महत्त्वाचा भाग मंडळांच्या टायचा होय. ऑक्सफर्डच्या एक्झिटर कॉलेजातील नौकावल्हवणाऱ्या विद्यार्थ्यांनी १८८० साली टोपीवरील फीत काढून गळ्यात बांधली आणि मंडळाचे टाय सुरू झाले, असे सांगितले जाते. पुढे इंग्लंडमध्ये पलटणी, शाळा, क्रिकेटची मंडळे यांचे पट्टे ठरले. या पट्ट्यांची भाषा पूर्णपणे सूचक होती. अमुक दोन रंग अमुक क्रमाने आले, की जाणणाऱ्यास कळे. न जाणणाऱ्यास कळू नये, अशीच योजना होती. ध्वनिसिद्धान्ताच्या परिभाषेत सांगावयाचे तर मंडळाचा टाय वाच्यार्थ बाळगतच नाही. त्याचे सारे सामर्थ्य व्यंजनेत आहे, आणि ती व्यंजना ग्रहण करणारा सहृदय म्हणजे त्या मंडळाचा सभासद.

अमेरिकेत आल्यावर या भाषेत एक फरक पडला. ब्रुक्स ब्रदर्स या न्यूयॉर्कच्या दुकानाने पट्ट्यांची तिरकी दिशा उलटी केली. पट्टे राहिले, पण त्यांच्यामागची पलटण गेली. म्हणजे सदस्यत्वाचे चिन्ह सदस्यत्वावाचून मिळू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर रुंद, भडक, हाताने रंगविलेले टाय आले आणि त्यानंतर चित्रे, विनोद व घोषवाक्ये यांचा मार्ग मोकळा झाला. एकेकाळी टाय ठरविण्यास मंडळाची संमती लागे. नवलाईच्या टायला केवळ गिऱ्हाइकाची हौस पुरते. आणि मागे मंडळ उरले नाही, म्हणून सूचनाही उरली नाही. पट्ट्यांनी जे सुचविले असते, ते अक्षरांना बोलून दाखवावे लागले. व्यंजनेकडून अभिधेकडे झालेला हा प्रवास टायच्या इतिहासात घडला, आणि योगायोगाची गोष्ट अशी, की ज्या चीअरचे प्रेम हा टाय सांगतो, तिच्याही इतिहासात याला समांतर असे काही घडलेले आहे.

४

चीअरचा उगम अमेरिकन महाविद्यालयांच्या फुटबॉलमध्ये आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रिन्स्टनचे विद्यार्थी ठरावीक घोष करीत; त्यांच्या 'लोकोमोटिव्ह' नावाच्या घोषाची चाल वाफेच्या इंजिनासारखी, आधी मंद आणि मग वेग घेत जाणारी. १८९८ च्या नोव्हेंबरात मिनेसोटा विद्यापीठाचा संघ लागोपाठच्या पराभवांनी खचला होता. तेव्हा जॉनी कॅम्पबेल हा विद्यार्थी प्रेक्षकांसमोर उभा राहिला आणि सर्वांकडून एकसुराने घोष करवून घेऊ लागला. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाविरुद्धचा तो सामना मिनेसोटाने जिंकला, आणि संघटित चीअरलीडिंगचा आरंभ तेथपासून मानतात.

मिनेसोटाच्या घोषात 'स्की-यू-मा' अशी अक्षरे होती. ऐकणाऱ्याला त्यांचा अर्थ लागो वा न लागो, त्यांचा परिणाम होत असे. आपल्या अभ्यासकांना येथे सामगानातील स्तोभाक्षरांची आठवण व्हावी. तेथेही अर्थहीन अक्षरे गानाला आधार देतात, आणि ती काढून टाकली तर अर्थ राहतो पण साम राहत नाही. जयघोषाचे मर्म त्याच्या अर्थात नाही. अनेक कंठांनी एकाच क्षणी एकच नाद काढावा, यात आहे. आपल्याकडील वारीतला गजर किंवा तालमीतील ललकारी ज्याने ऐकली आहे, त्याला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

पहिली पंचवीस वर्षे हे काम पुरुषांचे होते, आणि ते मानाचे होते. फ्रँकलिन रूझवेल्ट हार्वर्डमध्ये, ड्वाइट आयसेनहॉवर वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात आणि रोनाल्ड रेगन युरेका कॉलेजात चीअरलीडर होते. १९२३ साली मिनेसोटातच स्त्रियांना प्रवेश मिळाला. दुसऱ्या महायुद्धात तरुण रणांगणावर गेल्यानंतर स्त्रियांची संख्या वाढली आणि ती पुढे वाढतच गेली. १९४८ साली लॉरेन्स हर्किमर यांनी राष्ट्रीय संघटना स्थापून शिबिरे भरविण्यास प्रारंभ केला; कागदी झिरमिळ्यांच्या गोंड्याला आजचे रूप देऊन १९७१ साली त्यांनी त्याचे पेटंटही मिळविले. १९७८ मध्ये महाविद्यालयीन चीअरलीडिंगची स्पर्धा राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर दिसली. येथे या इतिहासाला वळण मिळाले. स्पर्धेच्या मंचावर ज्यांच्यासाठी घोष करावयाचा असा दुसरा संघ नसतो. चीअर करणारेच खेळाडू, आणि त्यांची चीअर हाच खेळ.

महाराष्ट्रातील वाचकांचा या कलेशी परिचय २००८ साली, इंडियन प्रीमियर लीगच्या पहिल्या वर्षी झाला, आणि तो वादातून झाला. त्या वेळी चर्चा झाली ती मुख्यतः वेषाची. वृत्तपत्रांनी 'चीअरगर्ल' हा शब्द रूढ केला आणि मूळच्या 'चीअरलीडर' शब्दातील नेतृत्वाचा अर्थ त्यात हरवला. समूहाचा आवाज जागा करणारी व्यक्ती, हा अर्थ जाऊन सामन्याच्या कडेला नाचणारी मुलगी, एवढाच अर्थ मराठीत शिल्लक राहिला. शब्दाने केलेला हा अन्याय पुढील विवेचनाच्या संदर्भात आठवावा लागेल.

५

आता रसदृष्ट्या विचार करू. उत्साह हा वीररसाचा स्थायीभाव. विश्वनाथाने साहित्यदर्पणात जिंकावयाचा प्रतिपक्ष हे वीराचे आलंबन मानले आहे. त्या प्रतिपक्षाच्या चेष्टा इत्यादी उद्दीपने. क्रीडांगणावर ही व्यवस्था जवळजवळ जशीच्या तशी लागू पडते. विरुद्ध संघ हे आलंबन. खेळाडू हा भावाचा आश्रय. आणि भोवतीचा घोष, कर्णे, ढोल, रंग हे सारे उद्दीपन. कॅम्पबेल प्रेक्षकांसमोर उभा राहिला तो उद्दीपन म्हणून. त्याच्या घोषामुळे उत्साह वाढला. परंतु उत्साहाचा विषय सामना होता, घोष नव्हता.

टायवरील विधान या व्यवस्थेत कोठे बसते? त्यात संघाचे नाव नाही, प्रतिपक्ष नाही, सामना नाही. चीअर कोणासाठी, हा प्रश्नच त्यात उद्भवत नाही. जे उद्दीपन होते तेच येथे आलंबन झाले आहे. आणि आलंबन बदलले की स्थायीही बदलतो. 'मला चीअर आवडते' असे म्हणणाऱ्याच्या ठिकाणी उत्साह हा भाव नसून उत्साहाविषयीची प्रीती हा भाव आहे. चांदण्यामुळे प्रिया अधिक आठवते, हे शृंगारातील उद्दीपन; पण कोणी प्रिया विसरून चांदण्याच्याच प्रेमात पडला, तर त्याचा भाव निराळा झाला असेच आपण म्हणू. तो भाव हीन आहे असे नव्हे, पण त्याची गणना दुसरीकडे करावी लागेल.

हा बदल टायने घडविला असे समजण्याचे कारण नाही. तो बदल १९७८ पासूनच्या स्पर्धांनी, शिबिरांनी, गणवेषाच्या व्यापाराने हळूहळू घडविला होता. टायने तो एका वाक्यात नोंदला. याच प्रक्रियेची दुसरी नोंद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात सापडते. २०१७ साली 'स्टार ॲथलेटिका विरुद्ध व्हार्सिटी ब्रँड्स' या खटल्यात प्रश्न असा होता, की चीअरलीडरच्या गणवेषावरील पट्टे, कोनाकृती रेषा व नागमोडी नक्षी ही गणवेषापासून कल्पनेने वेगळी काढून स्वतंत्र कलाकृती मानता येईल काय. बहुमताने न्यायालयाने ती वेगळी काढता येते असे ठरविले. भिन्नमत देणाऱ्या न्यायमूर्ती ब्रेयर यांचे म्हणणे असे, की नक्षी वेगळी काढली तरी डोळ्यांपुढे येते ते गणवेषाचेच चित्र. कायद्याचा प्रश्न बाजूस ठेवला तरी हा मतभेद आपल्या मीमांसेला तंतोतंत लागू पडतो. घोष संघापासून वेगळा काढता येतो काय? टाय म्हणतो, येतो. पण वेगळा काढलेला घोष मनात आणू गेल्यास क्रीडांगण, गर्दी आणि कोणता तरी संघ यांची पुसट आकृती त्याच्या मागे उभी राहतेच.

६

येथे दुसरी संकल्पना पुढे येते. रस, स्थायी किंवा व्यभिचारी भाव यांचा त्यांच्या स्वतःच्या नावाने उल्लेख करणे, हा मम्मटाने काव्यप्रकाशाच्या सातव्या उल्लासात रसदोषांत प्रथम गणला आहे. कवीने 'येथे शृंगार आहे' असे लिहून शृंगार निर्माण होत नाही. विभाव, अनुभाव दाखवावे लागतात आणि रस त्यांतून प्रतीत व्हावा लागतो. हा निकष लावल्यास प्रस्तुत टाय दोषाचे शुद्ध उदाहरण ठरतो. प्रेमाचे चित्र आणि चीअरचे नाव, दोन्ही स्वशब्दाने. त्यात एकही अनुभाव नाही. सभासदाच्या टायवरील दोन रंगांचे पट्टे याहून कितीतरी अधिक काव्यमय होते.

परंतु येथे एक आक्षेप घेता येईल. जयघोषदेखील स्वशब्दानेच बोलतो. 'जय' म्हणणारा जयाची सूचना करीत नाही, जयाचे नावच घेतो. मग जयघोषाला दोष लागत नाही आणि टायला लागतो, हे कसे? याचे उत्तर असे, की जयघोष हे विधान नाही. 'विजयी भव' म्हणणारा काही वर्णन करीत नसतो. तो ते म्हणण्याने काही करीत असतो. त्या शब्दाला साथ देणारा आवाज, वर गेलेला हात, ताणलेल्या शिरा, शेजाऱ्याच्या आवाजात मिसळणे, हे सारे अनुभाव तेथे प्रत्यक्ष हजर असतात. त्यामुळे शब्द केवळ निमित्त होतो. टायवरच्या वाक्याला यांतले काहीच नाही. जयघोष उद्गार आहे. टायवरील लेख हे त्या उद्गाराविषयीचे विधान आहे. उद्गाराला श्रोत्यांची साथ हवी असते, विधानाला केवळ वाचक पुरतो.

अभिनयाच्या चार प्रकारांच्या भाषेत हेच अधिक स्पष्ट करता येईल. चीअरलीडरच्या ठिकाणी आंगिक आहे, वाचिक आहे, गणवेष व गोंडे यांचे आहार्य आहे. आणि सहकाऱ्यांच्या हातांवर उभे राहणाऱ्या, मग हवेत फेकल्या जाणाऱ्या मुलीच्या ठिकाणी जो सावधपणा व जे धैर्य असते, त्याला सात्त्विकाच्या जवळचे स्थान द्यावे लागेल. हे धैर्य काल्पनिक नव्हे. अमेरिकेत विद्यार्थिनींना खेळांत होणाऱ्या अतिगंभीर दुखापतींत चीअरलीडिंगचा वाटा मोठा असल्याचे तेथील अभ्यासांनी दाखविले आहे. टायजवळ या चारांपैकी एकटे आहार्य उरते, आणि वाचिकाचे काम त्याला लेखनाने करावे लागते. त्यातही टाय बांधला जातो तो कंठाभोवती. घोष निघतो तो कंठातून, आणि त्याच कंठावर ही गाठ येते. मनापासून ओरडावयाचे असेल तर माणूस आधी टायची गाठ सैल करतो. घोषाची स्तुती घोषाच्या इंद्रियाला आवळणाऱ्या वस्त्रावर लिहिली जावी, हा विरोध टाय तयार करणाऱ्याच्या मनात नसावा. पण तो वस्तूत आहे, आणि समीक्षकाने तो नोंदविला पाहिजे.

७

एवढ्यावर निकाल देऊन थांबणे सोपे होते. पण तसे केल्यास एका पक्षावर अन्याय होईल. हा टाय कोण बांधतो, याचा विचार केला पाहिजे. चीअरलीडर स्वतः क्रीडांगणावर गणवेषात असते. तेथे ती टाय बांधत नाही. अशी वस्तू तिच्या पित्याला, शिक्षकाला, प्रशिक्षकाला भेट देण्याजोगी आहे. म्हणजे जो प्रेक्षकांत बसतो, आणि ज्याचे लक्ष चेंडूकडे नसून कडेला उभ्या असलेल्या मुलीकडे आहे, त्याचे हे विधान आहे. ते या दृष्टीने वाचले की त्याचा अर्थ पालटतो.

चीअर करणाऱ्यांना दीर्घकाळ असेच सांगण्यात आले, की तुम्ही दुसऱ्यासाठी आहात. जोवर हे काम पुरुषांकडे होते, तोवर दुसऱ्यासाठी असण्यात नेतृत्वाचा मान होता. ते स्त्रियांकडे आल्यावर तेच दुसऱ्यासाठी असणे शोभेचे मानले गेले. कनेटिकटमधील क्विनिपिॲक विद्यापीठाच्या प्रकरणात २०१० साली जिल्हा न्यायालयाने स्पर्धात्मक चीअरलीडिंगला, स्त्री-पुरुषांना समान क्रीडासंधी देण्याच्या कायद्यापुरते, अद्याप खेळ मानता येणार नाही असा निर्णय दिला, आणि २०१२ साली वरिष्ठ न्यायालयाने तो कायम केला. त्या निर्णयाला कारण होते. विद्यापीठाने स्त्रियांचा व्हॉलीबॉलचा संघ बंद करून त्याची भरपाई चीअरलीडिंगने करावयाचे योजिले होते, आणि त्या खेळाला पुरेसे सुसंघटित नियम व स्पर्धा अजून नाहीत, असे न्यायालयास दिसले. तरी 'हे स्वतःसाठी अस्तित्वात आहे काय' हा प्रश्न त्या निमित्ताने उघडपणे विचारला गेला, हे महत्त्वाचे. पुढे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने चीअरच्या जागतिक संघटनेला २०१६ साली तात्पुरती आणि २०२१ साली पूर्ण मान्यता दिली.

या पार्श्वभूमीवर उद्दीपनाचे आलंबन होणे ही केवळ रसहानी म्हणता येत नाही. ज्यांना सदैव उद्दीपन म्हणून वापरले, त्यांच्याकडे कोणी एकदा आलंबन म्हणून पाहिले, तर त्यात न्यायाचा अंश आहे. संघ हरला तरी मला तुझी चीअर आवडते, असे एखाद्या पित्याला म्हणावयाचे असेल, तर संघाचे नाव नसलेला हा टाय ते म्हणू शकतो. पट्ट्यांच्या टायला ते कधीच म्हणता आले नसते, कारण त्याची सारी सूचना संघाकडेच जाते. मम्मटानेही आपल्या नियमाला अपवाद ठेवला आहे. अनुभावांवरून नेमका भाव निःसंदिग्धपणे कळणार नसेल, तेथे संचारी भावाचा स्वशब्दाने केलेला उल्लेख दोषावह होत नाही. स्थायीला ही सवलत नाही, हे खरे. पण टायवरील प्रेम हा स्थायी आहे, की एका संध्याकाळपुरता येणारा संचारी आहे, याचा निर्णय टाय पाहून होत नाही. तो बांधणाऱ्याकडे पाहूनच होईल.

८

सारांश, प्रस्तुत मीमांसेतून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, नवलाईच्या टायने सूचनेची भाषा सोडून उक्तीची भाषा स्वीकारली, कारण ज्या मंडळाला सूचना कळावयाची ते मंडळच त्याच्यामागे उरले नव्हते. दुसरी, चीअरच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात घोष हा साधनाकडून साध्याकडे सरकत गेला, आणि टायवरील विधान हे त्या स्थित्यंतराचे लहानसे पण विश्वसनीय प्रमाण आहे. तिसरी, हे स्थित्यंतर कलेच्या दृष्टीने दोषयुक्त असले, तरी ज्या व्यक्तींच्या श्रमावर ती कला उभी आहे त्यांच्या दृष्टीने ते सर्वस्वी अनिष्ट नाही.

या तिसऱ्या गोष्टीमुळे समीक्षकावर एक जबाबदारी येते. रसदोष दाखविणे हे त्याचे कामच आहे आणि ते त्याने संकोच न करता करावे. परंतु दोष दाखविताना तो कोणाच्या बाजूने बोलत आहे, याचे भान त्याने सोडू नये. 'चीअरगर्ल' या मराठी शब्दाने जे झाकले, ते या भडक टायने, कितीही भाबड्या रीतीने का होईना, उघडे केले आहे. आपल्या विभागातील एखाद्या विद्यार्थ्याने गजर, ललकारी, जयघोष आणि प्रोत्साहन या मराठी शब्दांच्या अर्थच्छटांचा, आणि त्यांत 'कोणासाठी' हा अंश किती अपरिहार्य आहे याचा, स्वतंत्र अभ्यास हाती घेतल्यास तो उपयुक्त होईल. 'गजर' या शब्दात नाम असते, 'जयघोष' या शब्दात विजय असतो. पण ज्याला कोणतेच आलंबन नाही, अशा घोषासाठी मराठीत अजून शब्द नाही. तो घडवावा की घडवू नये, हा प्रश्न भाषेपुरता मर्यादित नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.